आठ जणांची संध्याकाळ, पाच पेयं : प्रकल्प नोंदी

महिन्यातून एकदा आम्ही आठ जण संध्याकाळी जमतो. मागच्या खेपेला कॉकटेल करायचं काम मी घेतलं आणि सात ते दहा ओट्यापाशी उभी राहिले. एकाचा ग्लास भरेपर्यंत दुसऱ्याचा रिकामा व्हायचा, आणि गप्पा नुसत्या लांबून ऐकू यायच्या. सगळे गेल्यावर फार वाईट वाटलं. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं त्यांच्याशी धड दहा मिनिटंही बोलले नव्हते.

म्हणून पाच आठवडे हातात घेऊन तयारी बसवायची ठरवली. ग्लास दोन मिनिटांत हातात जायला हवा, चव दर वेळी तीच यायला हवी आणि मला बसता यायला हवं. ज्यांना घरी हेच करायचं असेल त्यांच्यासाठी या नोंदी, चुकांसकट.

७ जून, शनिवार

यादी केली. आवडीची बारा पेयं निघाली : ओल्ड फॅशन्ड, निग्रोनी, मार्टिनी, मॅनहॅटन, डाकिरी, व्हिस्की सावर, मोहितो, मार्गारिटा, कॉस्मोपॉलिटन, अमेरिकानो, एस्प्रेसो मार्टिनी आणि जिन-टॉनिक. मग कशाला काय लागतं ते लिहिलं, तर अकरा बाटल्या. त्यातल्या तीन एकेका पेयापुरत्याच.

मोहितो पहिला काढला, कारण त्यात दर ग्लासाला पुदिना ठेचत बसावं लागतं. मार्गारिटा आणि कॉस्मो गेल्याबरोबर टकीला आणि संत्र्याचं लिक्युअर गेलं. मार्टिनी काढताना जीव तुटला, पण ड्राय व्हर्मूथची बाटली उघडायची आणि ती पिणारी मी एकटीच, हे परवडत नाही. शेवटी पाच उरली : ओल्ड फॅशन्ड, निग्रोनी, डाकिरी, अमेरिकानो आणि एस्प्रेसो मार्टिनी.

वेळ : दीड तास. ही यादी बाटल्या आणण्याआधी केली हे बरं झालं.

८ जून, रविवार

साखरेच्या पाकाने पहिला धडा दिला. कपाने मोजून एकास एक पाक केला आणि डाकिरी (रम, लिंबाचा रस आणि पाक) आंबट लागली. पाक वाढवला, पुढचा ग्लास गुळमट. तिसऱ्या ग्लासाला वजनकाटा काढला तेव्हा घोळ कळला. एक कप पाणी साधारण २४० ग्रॅम भरतं आणि तोच कप साखर २०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे कपाने मोजलेला पाक मुळातच कमी गोड होता.

आता पाक वजनानेच : ३०० ग्रॅम साखर, ३०० ग्रॅम पाणी. साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं, उकळी आणायची नाही. उकळलं की पाणी उडून प्रमाण पुन्हा बदलतं. बाटलीवर तारीख लिहून फ्रीजमध्ये. असा पातळ पाक महिनाभराच्या आत संपवावा, पुढे बुरशीची भीती.

पेग मेजरही तपासलं. माझ्याकडच्या मापात १५ मिलीची खूण आतल्या बाजूला अस्पष्ट होती आणि मी कायम तिच्या वर भरत होते. पाणी भरून काट्यावर ठेवलं, तर १९ ग्रॅम. पाणी असल्यामुळे ग्रॅम म्हणजेच मिली. ६० मिलीत चार मिलीची चूक चालून जाईल, पण १५ मिलीत तीच पाव हिश्शाची होते. नवं माप आणलं.

वाया : रम १८० मिली, सात लिंबं.

१४ जून, शनिवार

निग्रोनी. जिन, कंपारी (लाल, कडवट इटालियन लिक्युअर) आणि गोड व्हर्मूथ, तिन्ही समसमान. यात चुकण्यासारखं काही नाही असं वाटत होतं. पहिला घोट घेतला तर मागे ओल्या पुठ्ठ्यासारखी चव. कंपारीचा कडवटपणा होता, जिनचा वासही होता, मधलं अंग मात्र गायब.

जिनवर संशय घेतला, जिन बदलली. संत्र्याची साल बदलली. बर्फ बदलला. यात एक तास आणि तीन ग्लास गेले. मग नवरा म्हणाला, "अगं, नुसतं व्हर्मूथ तरी चाखून बघ." बाटली उघडून तीन महिने झाले होते आणि ती कपाटात उभी होती. बशीत ओतून पाहिलं : रंग मळकट तपकिरी, वास शिळा, चवीला चपटं.

व्हर्मूथ बाटलीत येतं म्हणून आपण त्याला व्हिस्कीच्या शेजारी ठेवतो, पण ते वनस्पती घालून थोडं मद्य वाढवलेलं वाईन आहे. साधारण १५ ते १८ टक्के मद्य. उघडल्यावर हवा लागली की ते उतरायला लागतं. नवी, लहान बाटली आणली. एकाच जिनचे दोन ग्लास, एकात जुनं व्हर्मूथ, एकात नवं. फरक सांगायला कोणी जाणकार लागत नाही.

नियम : व्हर्मूथ उघडलं की त्याच दिवशी बाटलीवर तारीख, जागा फ्रीजमध्ये, महिना-दीड महिन्यात संपवायचं. लहान बाटली मिळत असेल तर तीच घ्यावी.

१५ जून, रविवार

बर्फ. खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती.

ट्रेमधल्या बर्फाला फ्रीझरचा वास येत होता. उघड्या ट्रेमध्ये आठवडाभर पडलेला बर्फ शेजारच्या डब्यांचे वास धरतो. तो सगळा फेकला, ट्रे धुतले, झाकणाचे आणले.

मोठ्या, पारदर्शक तुकड्यांसाठी कूलर बॉक्सची युक्ती करून पाहिली. कॅम्पर इंग्लिश या अमेरिकन लेखकाने २००९ मध्ये ती लिहून लोकांपुढे आणली. कडेने आणि तळाने उष्णता अडवणारा बॉक्स पाण्याने भरायचा आणि झाकण काढून फ्रीझरमध्ये ठेवायचा. पाणी फक्त वरून खाली गोठत जातं, आतली हवा आणि क्षार तळाकडे ढकलले जातात आणि वरचा थर काचेसारखा होतो.

मी शुक्रवारी रात्री ठेवला आणि आज दुपारी काढला, जवळजवळ चाळीस तास. सगळाच गोठला होता. खालचा अर्धा भाग पांढरा, भेगाळलेला. वर फुगलेल्या बर्फाने बॉक्सचं आतलं अस्तर तडकलं. बॉक्स गेला. या प्रकल्पातली ही सगळ्यात महाग चूक.

१९ जून, गुरुवार

दुसरा बॉक्स, दुसरी खेप. या वेळी काठापर्यंत भरला नाही आणि बावीस तासांनी काढला. सिंकमध्ये उलटा धरून ठेवला, दहा मिनिटांत लादी आपणहून सरकली. वर सात सेंटिमीटर स्वच्छ बर्फ, खाली न गोठलेलं पाणी, ते ओतून दिलं.

लगेच सुरी लावली आणि लादी वेडीवाकडी फुटली. फ्रीझरमधून काढलेला बर्फ फार गार आणि ठिसूळ असतो. दुसऱ्या अर्ध्या लादीला पंधरा मिनिटं बाहेर ठेवलं. आधी पृष्ठभागावर पांढुरकी धुरकट साय होती, ती हळूहळू विरली आणि लादी ओली, चकचकीत दिसायला लागली. मग ब्रेड कापायच्या दातेरी सुरीने अर्धा सेंटिमीटर खाच पाडली, सुरी खाचेतच ठेवून तिच्या पाठीवर लाटण्याने हलकेच तीन-चार टोले दिले. "टक्" असा एकच आवाज आला आणि तुकडा रेषेवर सरळ सुटला. इतका स्वच्छ की त्याच्यातून ओट्यावरच्या कागदावरची अक्षरं वाचता येत होती. मी नवऱ्याला हाक मारून दाखवला.

अर्ध्या लादीचे सहा तुकडे झाले. बंद डब्यात ठेवले. ग्लासात टाकतानाही हेच : आधी बाहेर चार मिनिटं ठेवायचा, नाहीतर पेय पडताच तडे जातात.

२१ जून, शनिवार

एस्प्रेसो मार्टिनी यादीतून बाद. हे पेय १९८० च्या दशकात लंडनमध्ये डिक ब्रॅडसेल या बारटेंडरने बसवलं, आणि माझं फार आवडतं. पण आज रात्री साडेनऊला दोन घेतल्या आणि पहाटे तीनपर्यंत टक्क जागी होते. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. शिवाय कॅफीनमुळे मद्याची गुंगी जाणवत नाही, त्यामुळे माणूस जास्त पितो. संध्याकाळ संपवून लोकांना झोपायचं असतं.

जागा रिकामी झाली. पाचवं पेय बिनदारूचं करायचं ठरवलं. तोवर त्याचा मी विचारही केला नव्हता, हे इथे लिहून ठेवते.

२२ जून, रविवार

पाण्याचा दिवस. १३ मे १८०६ ला न्यूयॉर्क राज्यातल्या हडसनच्या एका वृत्तपत्रात कॉकटेलची व्याख्या छापली गेली. तिच्यात चारच जिन्नस : मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे थेंबांनी घालायचा कडू अर्क. पाणी तिथे नाव घेऊन लिहिलंय. आपण मात्र ते बर्फावर सोडून देतो आणि मग एक ग्लास जळजळीत, दुसरा पाणचट.

म्हणून मोजलं. निग्रोनीचे ९० मिली, आधी वजन, फ्रीझरमधल्या कोरड्या बर्फावर तीस सेकंद ढवळून गाळलं, पुन्हा वजन. ३१ ग्रॅम पाणी शिरलं होतं. तीच कृती पंधरा मिनिटं बाहेर राहिलेल्या बादलीतल्या ओल्या बर्फावर : ४६ ग्रॅम. मागच्या बैठकीत नऊनंतर सगळे "पातळ लागतंय" म्हणत होते, ते यामुळे. खड्यांच्या अंगावरचंच पाणी ग्लासात जात होतं.

डाकिरी शेकरमध्ये बारा सेकंद जोरात हलवली. १०४ मिलीची साधारण १५५ झाली. शेक केल्यावर पाणी जास्तच शिरतं, पण त्या आंबट पेयाला ते हवंच असतं.

बादली बंद. बर्फ लागेल तसा फ्रीझरमधून.

२८ जून, शनिवार

चार जणांची चाचणी. दोन गोष्टी बिघडल्या. त्यातली एक गंभीर.

आधी साधी. तीन तुकड्यांच्या शेकरचं झाकण अडकलं. गार झालं की धातू आवळतो आणि आत हवेचा दाब कमी होतो. ओढून निघेना. कोमट पाण्याखाली वरचा भाग दहा सेकंद धरला, सुटलं. दोन पेल्यांचा शेकर घेतला, तो जोडावर तळहाताने टोला दिला की सुटतो.

आता दुसरी. आमच्यातल्या एका मित्राने दोन वर्षांपूर्वी दारू सोडली. त्याच्यासाठी टॉनिक, लिंबू आणि वर चार थेंब अँगोस्टुरा बिटर्स असं केलं. तो ग्लास ओठापर्यंत नेऊन थांबला. "अगं, यात दारू नाही ना? मला थेंबभरही नको." मी नाही म्हणणार होते. मग बाटली हातात घेतली. लेबलवर ४४.७ टक्के. व्हिस्कीपेक्षा जास्त. १८२४ पासून बनणाऱ्या या बिटर्सबद्दल मला बरंच माहीत होतं, लेबल मात्र कधी वाचलं नव्हतं. चार थेंबांत किती जाणार, हा प्रश्नच नाही. त्याने ठरवलंय, तर ते पाळायची जबाबदारी ग्लास देणाऱ्याची.

ग्लास ओतून दिला, त्याची माफी मागितली. "विचारलं म्हणून बरं," एवढंच म्हणाला. उरलेली संध्याकाळ तो साधा सोडा प्यायला. बाकीच्यांना रंगीत ग्लास आणि एकाला सोडा, हे मला रात्रभर टोचत राहिलं.

२९ जून, रविवार

पाचव्या पेयाचं काम. गोड सरबत नको होतं. मोठ्यांच्या संध्याकाळच्या पेयाला थोडा कडवटपणा, थोडी धार लागते, म्हणजे ते घोटाघोटाने पुरतं.

श्रब केलं : फळ, साखर आणि व्हिनेगर, तिन्ही वजनाने समान. ३०० ग्रॅम अननसाचे तुकडे साखरेत कालवून झाकून फ्रीजमध्ये ठेवले. दोन दिवसांनी गाळून सफरचंदाचं व्हिनेगर घालायचं.

एक अडचण लक्षात आली. व्हिनेगर मद्यापासूनच बनतं, किंचित अंश राहू शकतो. मित्राला फोन करून सरळ विचारलं. व्हिनेगर त्याला चालतं, तो घरीही खातो. न विचारता मी हे केलं नसतं.

२ जुलै, बुधवार

श्रब गाळलं. ४० मिली श्रब, १२० मिली टॉनिक, चिमूटभर मीठ. मिठाने टॉनिकचा कडवटपणा गोल झाला, पण अननस फार पुढे येत होता. श्रब ३० वर आणलं, वर मोसंबीची साल पिळली. जमलं.

निग्रोनी मात्र फसली. दहा ग्लासांची आधीच पाणी घालून बाटलीबंद केली : ९०० मिली मिश्रण, ३०० मिली पाणी, दोन बाटल्या, रात्रभर फ्रीझरमध्ये. सकाळी बाटलीत लाल चिखल. पाणी घातल्यावर मद्य २१ टक्क्यांच्या आसपास येतं आणि उणे १८ अंशांत ते टिकत नाही. नशिबाने बाटल्यांत वर जागा सोडली होती, नाहीतर काच फुटली असती.

ओल्ड फॅशन्डची बाटली त्याच फ्रीझरमध्ये व्यवस्थित राहिली. ६० मिली व्हिस्कीला ७ मिली दाट पाक (दोन भाग साखर, एक भाग पाणी), बिटर्सचे दोन झटके आणि १४ मिली पाणी. मद्य ३२ टक्क्यांच्या आसपास, त्यात साखर. दाटसर होतं, पण गोठत नाही.

३ जुलै, गुरुवार

निग्रोनीचं कोडं सुटलं, तेही अमेरिकानोमुळे. अमेरिकानो म्हणजे कंपारी, गोड व्हर्मूथ आणि सोडा. त्यातला सोडा काढून जिन घातली की निग्रोनी. १९१९ च्या सुमाराला फ्लॉरेन्समध्ये एका काउंटने तशी मागितली, अशी गोष्ट सांगतात. मग दोन्हींसाठी वेगळ्या बाटल्या कशाला?

एकच मूळ बाटली : कंपारी आणि व्हर्मूथ निम्मं-निम्मं, फ्रीजमध्ये. जिनची बाटली फ्रीझरमध्ये, ४३ टक्क्यांची असल्याने गोठत नाही. निग्रोनीला ६० मिली मूळ, ३० मिली गोठणगार जिन, १५ मिली गार पाणी, एक मोठा बर्फ, आठ-दहा वेळा ढवळायचं. अमेरिकानोला तेच ६० मिली आणि वर ९० मिली सोडा. घड्याळ लावलं : निग्रोनी पन्नास सेकंद.

आणखी एक हिशेब मांडला. माझ्या बाटल्यांवरच्या टक्क्यांनी एका निग्रोनीत सुमारे २५ मिली शुद्ध मद्य आहे. ४३ टक्के व्हिस्कीच्या ३० मिली पेगमध्ये १३. म्हणजे एक निग्रोनी जवळजवळ दोन पेग. अमेरिकानोत १२ मिली. चव सारखी, ग्लास मोठा, मद्य निम्मं. पहिला ग्लास सगळ्यांना अमेरिकानोचाच द्यायचा.

५ जुलै, शनिवार

लिंबाच्या रसाची चाचणी. ताजा, चार तासांचा, आदल्या दिवशीचा. पहिल्या दोन्हींत मला निवडता आलं नाही. आदल्या दिवशीचा मंद आणि मागे कडवट. म्हणजे लिंबं पाच वाजता पिळायची, त्याआधी नाही.

सोडा आणि टॉनिक : मोठ्या बाटलीतला तिसरा ग्लास मेलेला असतो. लहान बाटल्या, आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये. गार पाण्यात वायू टिकतो, कोमट सोडा बर्फावर पडला की सगळा फेस होऊन उडून जातो. आधी बर्फ, मग मूळ, शेवटी सोडा कडेने. चमचा एकदाच फिरवायचा.

१२ जुलै, शनिवार

पाच वाजता लिंबं पिळली. डाकिरीसाठी रम आणि पाक एका बाटलीत आधीच मिसळून ठेवला होता, ६० ला २२, फक्त २२ मिली रस घालून हलवायचा. बर्फाचे चौदा मोठे तुकडे. श्रबसाठी वेगळा जग, वेगळं माप, वेगळा चमचा, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला. पाण्याचे दोन तांबे टेबलावर. गाडी चालवणारे दोघं कोण ते दारातच विचारून घेतलं, त्यांनाही श्रब.

सात वाजून दहा मिनिटांनी आठही ग्लास टेबलावर होते आणि मीही.

डाकिरीला दोनदा उठावं लागलं, प्रत्येक वेळी चार-पाच मिनिटं. ओल्ड फॅशन्ड नवऱ्याने ओतलं, कारण त्यात आता करण्यासारखं काही उरलंच नव्हतं : फ्रीझर, ग्लास, बर्फ, संत्र्याची साल. एका मैत्रिणीने मित्राच्या हातातलं श्रब चाखलं आणि दुसरा ग्लास तोच मागितला. तिसराही. तो हसत म्हणाला, "माझी बाटली संपवू नकोस."

उरलं : श्रब तळाला ८० मिली, मूळ बाटली अर्धी, बर्फाचे तीन तुकडे. कमी पडलं : सोडा, पावणेदहाला संपला, दोन बाटल्या जास्त हव्यात. व्हर्मूथवर १४ जूनची तारीख आहे, ते या आठवड्यातच संपवायला हवं. पुढच्या श्रबला मित्राने डाळिंब सुचवलंय. कूलर बॉक्स रात्रीच भरून ठेवला.